बायकांची सीट आणि लोटन कंडक्टर

लोटन नथ्थू पाटील याला डेपोत कुणी कंडक्टर म्हणत नसे. 'आले कलेक्टर' म्हणत आणि चहाचे कप खाली ठेवून हसत. लोटनला राग येत नसे, कारण त्यात चुकीचं काय आहे तेच त्याला कळत नसे. गाडीत बिडी ओढू नये असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याने एकदा सख्ख्या मामाच्या तोंडातली बिडी काढून खिडकीबाहेर टाकली होती. मामा वर्षभर बोलले नाहीत. लोटन म्हणे, मामांनी बोलू नये, पण बिडीही ओढू नये.

घरी तो अहिराणी बोले आणि गळ्यात चामड्याची पिशवी अडकवली की छापील मराठी. 'पुढे सरका', 'दारात उभे राहू नका', 'ही जागा स्त्रियांसाठी राखीव आहे, उठा.' हे ऐकलं की माणसांना समजे की आता लोटन बोलत नाही, नियम बोलतोय. त्याच्या बायकोला हे छापील मराठी ऐकून हसू यायचं. हसणारे सगळेच तिच्याइतके भाबडे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

सत्याऐंशी साली त्याला आंबेखेडीची मुक्कामाची गाडी लागली. दुपारी साडेचारला धुळ्याहून निघायची, सोनगीरला शाळेची पोरं घ्यायची, मग हायवे सोडून चौदा किलोमीटर आत खेड्यात. रात्री गाडी तिथेच उभी राहायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. सकाळी तीच गाडी परत. आंबेखेडीची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर सोनगीर, आणि सोनगीरला जायचं तर हीच एक गाडी. गावातल्या चार मुली या गाडीच्या भरवशावर शिकत होत्या. गाडी नाही तर शाळा नाही, इतका सरळ हिशेब.

आता रुमालाचं सांगायला हवं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, टॉवेल, एखाद्या वेळी चप्पलसुद्धा आत पडते आणि ती जागा त्या माणसाची होते. म्हातारी उभी राहील, लेकुरवाळी उभी राहील, पण दुसऱ्याचा रुमाल कुणी उचलणार नाही. पत्र्यावर ठळक अक्षरांत 'स्त्रियांसाठी' लिहिलेलं असतं, ते कुणाला वाचता येत नाही. चुरगळलेला, घामट रुमाल मात्र अडाण्यालाही वाचता येतो. काय म्हणावं या अकलेला. सरकारने राखून ठेवलेल्या जागेला शून्य मान, आणि बन्सीलालच्या रुमालाला सलाम.

बन्सीलाल म्हणजे आंबेखेडीच्या सरपंचांचा पुतण्या. धुळ्याला कॉलेजात नाव होतं. तो कुठे असे ते कॉलेजलाही ठाऊक नव्हतं. साडेचारच्या गाडीला मात्र तो आणि त्याचे दोघे सोबती न चुकता हजर, आणि तिघांचे रुमाल नेमके बायकांच्या सीटवर.

पहिल्याच आठवड्यात लोटनने ते रुमाल उचलले. "हे सामान कोणाचं?" त्याने विचारलं.

"रुमाल मना शे. जागा बी मनी शे," बन्सीलाल खिडकीबाहेरून म्हणाला.

"तुम्ही गाडीत नाही. गाडीत मालक नसलेलं सामान बेवारस असतं. डेपोत जमा होईल, सही करून घेऊन जा."

आणि खरोखरच त्याने तिन्ही रुमाल डेपोत जमा केले. सरपंचांच्या पुतण्याला एका मळक्या रुमालासाठी रजिस्टरवर सही करावी लागली. डेपो दोन दिवस हसत होता. त्यानंतर महिनाभर मुली बसून घरी गेल्या.

महिनाभरच. पुढे बन्सीलालने रुमाल टाकणं सोडलं आणि स्वतःच येऊन बसायला सुरुवात केली. लोटनने उठवलं की उठायचा, लोटन मागे तिकिटं फाडायला गेला की पुन्हा बसायचा. गाडीत सत्तर माणसं आणि कंडक्टर एकटा. तो काही पुतळ्यासारखा एका सीटजवळ उभा राहू शकत नव्हता.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. चौघींतली छाया नावाची दहावीतली मुलगी गावाच्या तीन किलोमीटर अलीकडे, नाल्याजवळच्या थांब्यावर उतरू लागली. पास आंबेखेडीपर्यंतचा. नियमाच्या माणसाला हे खटकणारच. "पास गावापर्यंत आहे, इथे का उतरतेस?" त्याने विचारलं. "अशीच," ती म्हणाली आणि कापसाच्या वावरातून चालू लागली. दुसऱ्या दिवशीही अशीच. तिसऱ्या दिवशी लोटन मुद्दाम तिकिटं अर्धी टाकून पुढे आला.

छाया खिडकीशी, तिच्या शेजारी बन्सीलाल, त्याच्या पलीकडे सोबती. बन्सीलालचा हात सीटच्या पाठीवरून तिच्या खांद्यावर उतरलेला, आणि गाडी हलली नाही तरी तो हलत होता. छायाने दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं. तिच्या मुठीत कंपासपेटीतलं कर्कटक उघडं होतं, टोक बाहेर. एका शाळकरी मुलीला भूमितीचं सामान याच्यासाठी वापरावं लागत होतं, आणि मागेपुढे बसलेली चाळीस-पन्नास मोठी माणसं खिडकीबाहेरची पिकं बघत होती. कुणाची ज्वारी एवढी बघण्यासारखी होती, देव जाणे.

लोटनचं डोकं फिरलं. त्याने बेलची दोरी ओढली. गाडी थांबली.

"जीवराम, गाडी मागे वळव. हायवेच्या चौकीला घे."

जीवराम ड्रायव्हर पंधरा वर्षांचा सोबती. तो केबिनमधून हळू म्हणाला, "लोटन, इचार करी ले. आपले रोज याच गावमा निजनं शे."

"घे म्हणतो ना."

गाडी वळली आणि मग मात्र गाडीला कंठ फुटला. मघापर्यंत मुक्या असलेल्या माणसांना एकदम वाचा आली. "मना घर पाव्हना बठेल शेतस." "आमीन काय गुन्हा करा?" एका बाईने तर कंडक्टरला नियमाचं वेड लागलंय, याला कुणी आवरा असंही म्हटलं. ही ओरड दहा मिनिटं आधी बन्सीलालवर झाली असती, तर चौकीची गरजच पडली नसती. पण बळी तो कान पिळी, आणि कान पिळायला लोटनसारखा गरीब सापडला की सगळ्यांनाच बळ येतं.

चौकीत हवालदार होता. त्याने ऐकून घेतलं, पेन काढलं आणि विचारलं, "कोणती मुलगी? पूर्ण नाव सांगा. तिची तक्रार लागेल."

लोटनने मागे पाहिलं. छाया गाडीच्या पायरीवर उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. लोटन खेड्यात वाढलेला माणूस. चौकीत नाव लागलं की उद्या गावभर काय होईल, हे त्याला सांगायला नको होतं. नाव निघालं की घरचे म्हणणार, पुरे झाली शाळा. एका मुलीची बंद झाली की चौघींची बंद.

"मुलीचं काही नाही," तो म्हणाला. "राखीव जागेवर बसला, उठायला सांगितलं तर उठला नाही. माझ्या कामात अडथळा आणला. माझी तक्रार घ्या."

"बरं. साक्षीदार?"

लोटन गाडीत चढला आणि एकेकाला विचारत मागपर्यंत गेला. "माले काही दिखनं नही, मी झोपेल व्हतू," पहिला म्हणाला, आणि त्याने सगळ्यांचं काम सोपं केलं. पुढचे सगळेच झोपलेले निघाले. संध्याकाळी साडेपाचला, खडखडणाऱ्या गाडीत, उभ्याने प्रवास करणारेसुद्धा झोपलेले. कुणाच्या तरी निरोपावरून तासाभरात सरपंच मोटारसायकलवर आले, हवालदाराशी दोन शब्द बोलले आणि बन्सीलाल त्यांच्यामागे बसून गाडीच्या आधी गावात पोचला.

त्या दिवसापासून आंबेखेडीत लोटन आणि जीवरामला कुणी तांब्याभर पाणी विचारलं नाही. हे एक वेळ चालून गेलं असतं. पण पंधरा दिवसांनी डेपोत अर्ज आला: कंडक्टर लोटन पाटील हा शाळेच्या मुलींशी लगट करतो, त्यांना नको तिथे उतरवतो, सबब त्याला या गाडीवरून काढावे. खाली बेचाळीस सह्या आणि अंगठे. लोटनने नावं वाचली. त्या दिवशी गाडीत झोपलेले सगळे होते. डोळे उघडायला त्यांना पंधरा दिवस लागले आणि उघडले ते नेमके उलट्या बाजूने.

चौकशीला साहेब त्याला म्हणाले, "पाटील, मुलींपैकी एखादी येऊन बोलेल का? एका वाक्यात निकाल लागेल."

 "कुणाला बोलवायचं नाही, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी मग आपल्याला जमतं ते केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली नाही एवढंच. संन्याशाला आंबेखेडीच्या गाडीवरून काढून पासाच्या खिडकीत बसवलं. लोटनला अपमान गिळवत नव्हता. घरी जेवताना तो मधेच थांबे आणि बेचाळिसांपैकी एकेकाचं नाव घेऊन शिव्या घाले. सरपंचांना नाही, बन्सीलालला नाही, त्या बेचाळिसांना. मात्र एका गोष्टीचं त्याला समाधान होतं. आपण तोंड उघडलं नाही, म्हणून मुलींची शाळा वाचली.

पहिल्या तारखेला विद्यार्थ्यांचे पास नवे होतात. खिडकीपुढे रांग लागली. आंबेखेडीची पोरं आली, पास घेऊन गेली. चौघी मुली आल्या नाहीत. दोन तारखेला आल्या नाहीत. तीन तारखेला रांगेत भिकुबाई दिसली. छायाची आई. स्वतःच्या दोन एकरांत राबणारी, हातापायांना भेगा पडलेली बाई. खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात पासाचा कागद नव्हता.

"छाया कुठे आहे?" लोटनने विचारलं.

"बारा दिन व्हयनात, घरच शे. चारी पोरी घर शेतस. नवा कंडक्टर भला माणूस शे, भाऊ. तो कोनलेच काही म्हनत नही."

लोटनने हातातला शिक्का खाली ठेवला.

"तिनीच काल माले सांगं," भिकुबाई म्हणाली. "बठ्ठं सांगं. चौकीमा तुमीन तिनं नाव का बरं नही लिधं?"

लोटनचं छापील मराठी कुठल्या कुठे गेलं. "अक्का, नाव लिखाई जातं ते तिनी शाळा बंद व्हई जाती."

"आते काय चालू शे?"

 भिकुबाईचा आवाज चढला नाही, पण तिने खिडकीचा गज धरला होता. "तिना बाप नही. तिले शाळामा धाडनारी मी शे. पोरनी ठराई लिधं, मायले सांगानं नही. तुमीन ठराई लिधं, नाव लेवानं नही. गावनी ठराई लिधं, काही देखंच नही. माले कोनी इचारं का, भाऊ? तुमीन इचारं का?"

आंबेखेडीत तो पाच महिने मुक्कामाला होता. तिचं घर गाडीपासून पन्नास पावलांवर. त्याने विचारलं नव्हतं. 'घरचे' म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी मिशीवाला येई, ही बाई कधी आलीच नव्हती.

"कागद काढा," ती म्हणाली. "माले लिखता येत नही. मी सांगस, तुमी लिखा. पोरनं नाव पुरं लिखा, आनि तेनं बी. तेना बापनं नाव बी टाका."

मागची पोरं कुरकुरू लागली, भाऊ, गाडी चुकेल. लोटनने 'खिडकी बंद' ची पाटी लावली, ऐन कामाच्या वेळेत. मग तो लिहायला बसला. भिकुबाई सांगत गेली. खांदा, हात, नाल्याजवळचं उतरणं, कर्कटक, काही वगळलं नाही. लिहून झाल्यावर तिने सगळं त्याच्याकडून वाचून घेतलं आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उठवला.

लोटन कागद घडी करायला लागला, तसा तिने हात आडवा घातला.

"थांबा. चौकीमा साक्षीदार लागस ना? तुमनं नाव कोठे शे?"

लोटनने कागद पुन्हा उलगडला. चौकीत त्याने लिहून दिलं होतं ते सीटबद्दल. राखीव जागा, कामात अडथळा. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं होतं, ते त्यात कुठेच नव्हतं. चौकशीतही नव्हतं. बेचाळीस जणांना तो महिनाभर शिव्या घालत होता, आणि त्यांच्या रांगेत त्रेचाळिसावा तो स्वतः उभा होता.

बाहेर पोरांनी खिडकीवर टकटक केली. लोटनने पेन उचललं आणि भिकुबाईच्या अंगठ्याखाली लिहिलं: हे मी पाहिले आहे. लोटन नथ्थू पाटील, कंडक्टर.