कवळीवर भाळलेली बेडकी

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा, मग चहात आलं घालीन! असला घोळ मी जन्मात दुसरा घातला नाही.

मुलगा आयटीत, गेला अमेरिकेला. कर्वेनगरच्या फ्लॅटमधली त्याची खोली मी वैशालीला दिली. पोरगी यवतमाळची, कॉलेजात बेडूक शिकायला आलेली. हसू नका! बेडूकही शिकतात लोक. झाडावर चढणारा बेडूक म्हणे आवाजावरून ओळखायचा, कुठल्या जातीचा ते. म्हणून ही रोज संध्याकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांपाशी मोबाइल धरून उभी.

आता असं समोर असताना मी गप्प बसायचं? खिडकीआड उभी राहिले आणि तोंडातल्या तोंडात कवळी वाजवली. टक्‌-टक्‌-टकटकटक!

"आजी, ऐकलंत? हा वेगळाच आहे!"

"मला मेलीला कुठलं ऐकू येतंय?"

म्हटलं, जेवताना सांगू, दोघी हसू. तर बाईसाहेबांनी तोवर आवाज सरांना पाठवलासुद्धा! सर म्हणाले, जरा बोबडा आहे, नवी जात असेल. झालं! हिनं घरी फोन केला, तिकडं आईनं पेढे वाटले. आता कुठल्या तोंडानं सांगू?

रविवारी सर दारात, हातात जाळी. "बेडूक दाखव. नाहीतर विषय बदलावा लागेल तुला."

बेडूक कुठला दिसायला! पोरगी पांढरीफटक. मला बघवेना हो! म्हटलं, एकदाच. गेले खिडकीआड. टक्‌-टक्‌...

तोच काहीतरी थंडगार, चिकट, थप्पकन माझ्या गालावर!

मी अशी किंचाळले की कवळी उडाली, ती थेट सरांच्या जाळीत.

सरांनी कवळी पाहिली. मग माझं बोळकं. मग गालावरची बेडकी. वैशालीचे डोळे भरले.

"शर, तिचं काही चुकलं नाही. मीच फशवलं."

सर हसता हसता खालीच बसले. "वैशाली, रडू नकोस. ही मादी खोट्या आवाजाला कशी भुलली, तेच शोध. झाला तुझा विषय!"

"आणि नवी जात?" मी विचारलं.

"नाही हो आजी. आपल्या बाथरूममध्ये येतो तोच साधा झाडबेडूक. त्यात हाका फक्त नर मारतो, मादी मिळावी म्हणून. तुम्ही पसंत पडलात!"

घ्या! ऐन उमेदीत दात पुढे म्हणून किती स्थळांनी मला नाकारलं, आणि ही बया खोट्या दातांवर पहिल्याच भेटीत राजी.

दात काय काढताय? चला, निघा आता! त्या बयेची यायची वेळ झाली.