कल्ले नसलेला रोहू

देवयानीचं दुखणं जगावेगळं होतं. शिक्षिका व्हायचं म्हणून तिने चांगली चालती नोकरी सोडली, बीएडला नाव घातलं, आणि आता दुसरं वर्ष संपत आलं तरी आपण वर्गात नेमकं करतो काय, हेच तिला कळेना. तशी पोरगी हुशार होती. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालेली. कोलकात्यात बालीगंजमधल्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची, आणि तिथे गोंधळाला जागाच नसायची. पेशी दिसली की दिसली.

त्याच लॅबच्या डॉक्टरांचा आता निरोप आला होता. जागा रिकामी होतेय, येणार असशील तर शनिवारपर्यंत कळव. शरच्चंद्ररावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, निरोप देताना चेहरा कोरा ठेवला, पण त्यांच्या मनात काय आहे ते घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. देवयानी म्हणाली, "बाबा, शुक्रवारी माझा परीक्षेचा पाठ आहे. त्यानंतरही मला काही उमगलं नाही तर मी लॅबमध्ये परत जाईन."

आता हा गोंधळ कसला, तेही सांगायला हवं. बीएडचा पाठ म्हणजे एक ठरलेला खेळ असतो. आधी मुलांना येतील असे प्रश्न विचारायचे. शेवटचा प्रश्न मात्र असा, की उत्तर कुणालाच येता कामा नये. वर्ग गप्प बसला की बाईंनी फळ्याकडे वळून म्हणायचं, "आज आपण हेच शिकणार आहोत." शिवाय पाठाच्या टाचणात मुलांची उत्तरंसुद्धा आधीच लिहायची. मुलं काय बोलणार हे बाईंना आदल्या दिवशीच माहीत. ज्योतिषी बरे म्हणायचे!

डमडमच्या ज्या मुलींच्या शाळेत देवयानी सरावाला जायची, तिथल्या नववीच्या मुली या खेळात मुरलेल्या होत्या. दरवर्षी नवे बीएडवाले यायचे आणि या त्यांना सांभाळून घ्यायच्या. कुठे उत्तर द्यायचं, कुठे डोकं खाजवायचं, कुठे गप्प बसायचं, सगळं चोख. देवयानीचे पाठ लोण्यासारखे व्हायचे. कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक अनुरूपादी मान डोलवायच्या. आणि एकदा पाठ संपल्यावर तिने मितुल नावाच्या मुलीला जिन्यात गाठून तोच प्रश्न जरा फिरवून विचारला, तर मितुल शांतपणे म्हणाली, "मिस, हा तर टाचणात नव्हता." तेव्हापासून देवयानीच्या डोक्याचा भुगा झाला होता.

परीक्षेच्या पाठाला विषय आला माशांचं श्वसन. कुणी सांगितलं होतं, कोण जाणे, पण चित्र दाखवण्यापेक्षा खरा मासा दाखवावा असं तिने ठरवलं. घर पिढ्यान्‌पिढ्या कोलकात्यातलं, पण पक्कं शाकाहारी. माशांच्या बाजारातून ही मंडळी नाकाला पदर लावून जायची. शकुनताईंनी, तिच्या आईने, एक जुना स्टीलचा डबा काढून दिला आणि बजावलं, "हा डबा परत माझ्या स्वयंपाकघरात आणू नकोस."

शुक्रवारी सकाळी देवयानी बाजारात गेली. ताजा रोहू निवडला, तोही कोळ्यानेच. मग परीक्षकांसमोर घाण नको, म्हणून तिने मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "छान साफ करून द्या, पण तुकडे करू नका." आणि तो मासा साफ करेपर्यंत तोंड फिरवून वांग्यांकडे बघत उभी राहिली.

पाठ सुरू झाला. मागच्या बाकावर परीक्षक सर, शेजारी अनुरूपादी. सुरुवातीचे प्रश्न झरझर झाले. मग आला शेवटचा. "पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन जास्त. मग पाण्याबाहेर मासा का मरतो?" मुली शहाण्यासारख्या गप्प बसल्या. देवयानीने फळ्यावर 'कल्ले' लिहिलं, मासा ट्रेमध्ये ठेवला आणि गालावरचं झाकण चिमट्याने उचललं.

आत काहीच नव्हतं.

तिने मासा उलटा केला. दुसरं झाकण उचललं. तिथेही स्वच्छ पोकळी. तिने इतके मासे फाडले होते, पण सगळे प्रयोगशाळेतले, औषधात बुडवलेले आणि अख्खे. बाजारातला असा पोकळ मासा तिने जन्मात पाहिला नव्हता. टाचणात इथे लिहिलं होतं, 'मुली कल्ल्यांचा लाल रंग सांगतील.' शेवटी जे मनात होतं तेच तोंडातून निघालं. "इथे कल्ले नाहीत. कुठे गेले, मला खरंच कळत नाहीये."

वर्गात आधी खसखस पिकली. मग मितुल उभी राहिली. "मिस, तुम्ही साफ करायला सांगितलंत का? मग कोळी ते काढूनच टाकतो."

"का काढतो?"

"रक्त असतं त्यात. आधी तेच सडतं."

"माझे बाबा मासा घेताना तेच उघडून बघतात, लाल आहे का," दुसरी म्हणाली.

"पण तिथेच एवढं रक्त का?" देवयानीने विचारलं. हा प्रश्न टाचणात नव्हता. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने काहीतरी चुकीचं सांगितलं, दुसरीने तिला खोडलं, आणि दोघी चक्क भांडल्या. त्या गडबडीत मितुलने परत हात वर केला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "मिस, पण हवेत ऑक्सिजन जास्त आहे ना? मग तो का मरतो?"

मघाशी हाच प्रश्न ऐकून ती शिस्तीत गप्प बसली होती. आता ती विचारत होती, कारण तिला हवं होतं. कल्ले म्हणजे केसांसारख्या बारीक तंतूंचे झुपके, पण ते तर नव्हते, तेव्हा देवयानीने दाखवायचं काय? कुणाकडे तरी चित्रकलेचा ब्रश होता. तो तिने पाण्याच्या ग्लासात बुडवला. केस फुलले. बाहेर काढला, केस चिकटून टोक झालं. तो तिने तसाच मितुलपुढे धरला. मितुल ब्रशकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "चिकटतात. मग हवा आत शिरायला जागाच उरत नाही." तेवढ्यात तास संपला. उजळणी राहिली, फळा अर्धा, गृहपाठ नाही.

"तुमच्या टाचणाचा आणि पाठाचा काही संबंध नाही," परीक्षक बाहेर म्हणाले. अनुरूपादींनी तिच्याकडे बघायचंच टाळलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "काठावर पास होशील. पण हे तू काय केलंस?"

"मलाही नीट कळलं नाही, अनुरूपादी."

ते खरंच होतं. ती घरी आली ती तशीच, भांबावलेली. शरच्चंद्रराव दारातच उभे होते. तिने कोळ्यापासून गुणांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुस्कारा सोडला, जरा सुटल्यासारखा. "मग लॅबला कळवतो, सोमवारपासून येते म्हणून."

"मी कळवलं बाबा, ट्रेनमधूनच. नाही म्हणून."

"अगं, पण उमगलं नाही तर जाणार होतीस ना? तूच म्हणतेस काही कळलं नाही."

"नाहीच कळलं," देवयानी म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं. "पण बाबा, मितुलला कळलं."