पुण्याचा वारा, आमची काजळी

गच्चीवरची काजळी रोज झाडली तरी साठतेच. साहेबलोकांचे किस्सेही तसेच साठतात, फक्त ते झाडून टाकायला माझा हात उचलत नाही!

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरात आमच्या चाळीला लागून गिरणीचं पॉवरहाऊस होतं. कोळशावरचं, चिमणी बुटकी. शेजारची नरसम्मा गच्चीवर पांढऱ्या सुताच्या लडी वाळत घाली. काळे ठिपके पडले की सूत देणारा कारखानदार लडी परत धाडायचा. तिची चूल त्या लडींवर पेटायची! चिमणी उंच करा म्हणून आम्ही बायांनी अर्जावर अर्ज केले. गिरणीनं काय केलं? एक इंजिनियर आणला. धूर कुठं पडतो ते तो गणितानं काढणार, आणि त्याच्या रिपोर्टावर चिमणीचं ठरणार. आमचे डोळे काय फुटले होते?

*

मी शाळेची पायरी चढलेली नाही. रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकले, आणि विचारायला कधी लाजले नाही. गेले थेट त्या इंजिनियर साहेबांच्या टेबलाशी.

"बाई, हा फॉर्म्युला. चिमणीची उंची, कोळसा, वाऱ्याचा वेग घातला की धूर कुठं उतरतो ते निघतं."

"वारा कुठला घातलात?"

"पुण्याचा. तिथल्या नोंदी तयार होत्या."

"का? सोलापुरात वारा न्हाय व्हय?"

*

मग पडताळा म्हणून साहेबांनी चाळीच्या गच्चीवर काचेच्या बरण्या ठेवल्या. त्यात पडलेली राख महिन्यानं मोजणार. महिन्यानं बघतात तर बरण्या लख्ख! 'या भागात राख पडत नाही,' साहेब लिहायलाही लागले.

तेवढ्यात आमच्या चाळीतली शांतव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पडत न्हाय कशी? रोज सकाळी काळ्याकुट्ट! मीच घासून-पुसून ठेवत हुते की!"

खरकटं भांडं तिच्या नजरेला सोसत नाही, हे फॉर्म्युल्यात कुठून येणार?

"मग हे लिवा की," मी म्हटलं.

"धुतलेल्या राखेची नोंद घेता येत नाही!"

*

पॉवरहाऊसवाले पहाटे बॉयलरची काजळी फुंकून काढत. वारा पडलेला असे, सगळी आमच्या डोक्यावर. साहेब उगवायचे दहाला.

"एकदा सहाला या."

"ऑफिस दहाला उघडतं."

"मग धुराला बी दहाचाच टाइम द्या!"

*

शेवटी गिरणीच्या ऑफिसात मीटिंग झाली. नरसम्मानं डागाळलेली लड मॅनेजरसमोर धरली. त्यानं मान वर केली नाही.

"रडगाणं नको. गणित खोटं बोलत नसतं!"

साहेबांनी नकाशा पसरला. "सर्वांत जास्त धूर इथं उतरतो, उत्तरेच्या माळावर. तिथं वस्ती नाही. चिमणी आहे तशी ठेवायला हरकत नाही."

मी चष्मा लावून वाकले. नकाशा जुना होता.

"साहेब, त्या माळावर औंदा बंगला झालाय. लई झ्याक. बाग हाय, झोपाळा हाय."

"कुणाचा?"

मी नुसतं मॅनेजरकडं बघितलं. नरसम्मानंही बघितलं.

मॅनेजरनं नकाशा स्वतःकडं ओढला. माळावर बोट ठेवलं. मग साहेबांना हळूच विचारलं,

"किती फूट वाढवावी लागेल चिमणी?"