गुरुवारच्या टिकल्या

नवीन माणसाची वस्तीत घरोघरी ओळख करून द्यायचं काम आमच्या संस्थेच्या आरोग्य केंद्रात नेहमी माझ्याच गळ्यात पडतं. त्या दिवशी मला ते नकोच होतं. चिखलीतल्या वर्कशॉपांचा वास आणि मुलांचा खोकला यांचा संबंध मांडणारा आमचा अहवाल सोमवारच्या बैठकीत द्यायचा होता, तो अर्धवट पडलेला, आणि त्यात ही नवी स्वयंसेविका. चाकणच्या एका कंपनीत जन्मभर क्वालिटी तपासून निवृत्त झालेल्या बाई. येताना स्वतःची वही, स्वतःचं पेन आणि वाचायचा चष्मा घेऊन आल्या होत्या. मला उगाचच राग आला.

रिक्षात बसल्या बसल्या मी त्यांना आमची पद्धत सांगितली. फॉर्म भरायला बायका कंटाळतात, म्हणून घरोघरी एक कॅलेंडर आणि टिकल्यांची पाकिटं दिली आहेत. मूल खोकलं की त्या तारखेवर लाल टिकली, वास आला की काळी. महिन्याने आम्ही फोटो काढून आणतो. ही युक्ती माझीच, हेही सांगून टाकलं. टिकल्या बरोबर लागल्यात हे कोण तपासतं, असं त्यांनी विचारलं. इथे सगळं विश्वासावर चालतं, मी म्हटलं आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

पहिलं घर पावडर कोटिंगच्या, म्हणजे लोखंडी भागांवर पावडरचा रंग भाजून बसवायच्या, शेडसमोरचं. घरातली बाई लातूरकडची, नवरा-बायको दोघंही कंपनीत, धाकटी मुलगी कायम खोकणारी. मी पाठ झालेलं भाषण सुरू केलं: या आपल्या नवीन ताई, घरच्याच समजा, काही लपवू नका. बाईने चहा ठेवला. मी मोबाइल काढून फोटोसाठी उजेड कुठून बरा येतो ते बघत होते.

नवीन बाई कॅलेंडरपाशी गेल्या, चष्मा लावला आणि एका उभ्या रांगेवरून खाली बोट फिरवलं.

"सगळ्या टिकल्या गुरुवारी लागल्यात," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तर इथे सुट्टी. शेड बंद असते. मग वास कुठून आला?"

मला ती रांग दिसली होती. मागच्या महिन्यात दिसली होती, त्याच्या आधीही. विचारलं तर बाई दुखावेल, मग गल्लीतली बाकीची दारंही बंद होतील, अशी सबब मी स्वतःला दिली होती. खरं कारण एवढंच की मला घाई होती. अहवाल तसाच गेला असता तर शेड बंद असते त्याच दिवशी मुलगी खोकते, असं आमच्याच कागदावर आलं असतं, आणि शेडवाल्यांना आपली बाजू मांडायला तोंड उघडायचीही गरज पडली नसती. मी घाईघाईने म्हटलं, मॅडम, ही काही कंपनी नाही, इथे असं बघायचं नसतं.

बाईने गॅस बंद केला. ती चिडली नव्हती, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"वास रोजच येतोय की. पोरगी बी रोजच खोकती," ती म्हणाली. "मी पहाटं बसनं जाते, ओव्हरटाइम करून येते. गुरुवारी घरी असते, तवा चिकटवते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही दर महिन्याला फोटो काढून नेता ताई. एकदा इचारलं असतं तर सांगितलं असतं."

नवीन बाई खाली फरशीवर बसल्या, वही उघडली. वास कधी सुरू होतो, तेव्हा मुलीपाशी कोण असतं, शेजारणीला टिकली लावायला जमेल का, असं एकेक विचारत गेल्या. बाई सांगत गेली. वर्षभरात मला तिने इतकं कधी सांगितलं नव्हतं. अहवाल आता सोमवारी देता येणार नव्हता. मी कप हातात धरून उभी होते, बसायला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

निघताना बाई उंबऱ्यापर्यंत आली. "ताई, परत कधी येणार?" तिने विचारलं.

मी सवयीने तोंड उघडलं. ती नवीन बाईंना विचारत होती.