वाढलेल्या पानावरून

जिजाबाईंनी अठ्ठावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला आणि एवढ्या वर्षांत एकाही मुलीला कुणी जेवणावरून उठवलं, असं होऊ दिलं नाही. एखादी पोरगी उशिरा आली, कुणाशी भांडली, की गृहपालबाई तावातावाने जेवणघरात यायच्या. जिजाबाई पळी हातात घेऊन मधे उभ्या. "जेऊ द्या आधी. मंग काय बोलाचं ते बोला." एकामागून एक तीन गृहपाल झाल्या. तिघींनीही हे शिकून घेतलं.

निवृत्त झाल्यावर त्या पिपरी मेघेला मुलाकडे राहायला आल्या. अश्विन सावंगीकडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात होता. २००७ च्या दिवाळीआधी त्याला बढती मिळाली, आणि त्याने जाहीर केलं की रविवारी सगळ्यांनी त्या नव्या हॉटेलात जेवायचं. हॉटेल उघडून महिनाही झाला नव्हता. दारात फेटेवाला दरवान, आत गारेगार एसी, आणि मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड, असं त्याच्या दवाखान्यातली मंडळी सांगायची.

"आई, तिथं मोठ्यानं बोलजो नको," निघताना अश्विन म्हणाला.

"काऊन? बिमार माणसं झोपले राह्यते का तिथं?"

सून भावना पदराआड हसली. नात प्रेरणा, दहावीतली, तिने लपवायचीही तसदी घेतली नाही.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. पांढऱ्याशुभ्र बशा आधीच मांडलेल्या, त्यांत कमळासारखे घडी घातलेले रुमाल. जिजाबाईंनी रुमाल उलगडून मांडीवर घेतला, खुर्ची पुढे ओढली, बशीच्या काठावरून बोट फिरवून पाहिलं. साफ होती. "पानं बरे मांडले," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही लहान पावती नव्हती.

प्रेरणा मेन्यूकार्ड वाचून दाखवायला लागली, तेवढ्यात दारातून आठ-दहा माणसं आत आली. कापसाच्या व्यापारातलं कुणीतरी बडं घर असावं. दरवानाचा सलाम जरा जास्तच खाली गेला. मॅनेजर धावत तिकडे गेला, काहीतरी बोलला आणि तसाच यांच्या टेबलाशी आला.

"सर, जरा तिकडं शिफ्ट व्हाल का? पार्टी मोठी आहे, ही दोन टेबलं जोडावी लागतील."

तिकडं म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला लागून. पोऱ्या-वेटर आत-बाहेर करताना दार ज्या खुर्चीला घासत होतं, ती जागा.

अश्विन उठलासुद्धा. मोबाईल खिशात, मेन्यूकार्ड हातात. भावनाने पर्स उचलली.

जिजाबाई बसून होत्या. "काऊन उठाचं?"

"माताजी, फक्त टेबल बदलायचंय."

"तेच इचारून राह्यली. काऊन?"

"ती पार्टी आमची नेहमीची आहे."

"हॉटेल उघडून किती दिवस झाले बाबू?"

"एकवीस," मॅनेजर म्हणाला.

"एकवीस दिवसांत ते नेहमीचे झाले. मंग आमीबी होऊ."

"आई, जाऊ दे न," अश्विन खालच्या आवाजात म्हणाला. "जेवण तेच भेटते तिथं."

"तेच भेटते, मालूम हाय मले."

बारा वर्षांची असताना हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं. हिंगणघाटजवळच्या गावात, मालकाच्या घरच्या लग्नात. धम्म घेऊन दोन वर्षं झाली होती, आता सगळे एकत्र बसणार असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून बाप चिंधू लेकीला घेऊन पंगतीत बसला. पत्रावळी मांडल्या गेल्या. मग एक माणूस वाकून म्हणाला, तुम्ही तिकडे गोठ्याजवळ बसा, जेवण तेच भेटन. बाप उठला. दुसऱ्यांदा सांगायची पाळी येऊ नये म्हणून घाईने उठला. गोठ्याजवळ बुंदी खरंच तीच होती आणि जिजाबाईंनी ती खाल्लीही होती. त्यांना बुंदीपेक्षा बापाची ती घाई आठवायची. आज ती अश्विनच्या गुडघ्यांत दिसली. त्याला तर हे कधी कुणी सांगितलंही नव्हतं.

मॅनेजर पोटात शिरल्यासारखा बोलू लागला. "माताजी, अजून ऑर्डर कुठं दिलीय? ताटं रिकामीच आहेत तुमची."

जिजाबाईंनी बशीकडे पाहिलं. बोलणं खरं होतं. पान नुसतं मांडलेलं होतं, वाढलेलं नव्हतं. आणि पान वाढायला सुरुवात कशाने होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

टेबलावर मिठाची काचेची डबी होती. त्यांनी ती उचलली, तळहातावर उपडी केली आणि चिमूट घेऊन आपल्या बशीत वरच्या बाजूला, मिठाच्या जागी वाढली. मग प्रेरणाच्या बशीत. भावनाच्या. खुर्ची रिकामी होती तरी अश्विनच्याही.

"हे घ्या. पान वाढलं," त्या म्हणाल्या. "आता वाढल्या पानावरून माणूस उठवता का तुमी, तेवढं सांगा. जरा मोठ्यानं सांगा, त्या पार्टीलेबी ऐकू जाऊ द्या."

मॅनेजरने टाय बांधला होता, 'सर-मॅडम' शिकून आला होता, पण होता इथलाच. वाढलेल्या पानावरून उठवणं म्हणजे काय, हे त्याच्याही घरी त्याला सांगितलेलं असणार. तो चार बशांतल्या चार चिमटींकडे पाहत राहिला. "बघतो," म्हणाला आणि गेला. ती पार्टी दोन टेबलांवर विभागून बसली. त्यांतलं कुणी उपाशी राहिलं नाही.

अश्विन अजून उभाच होता.

"लोकं पाहून राह्यले, आई."

"पाहू दे. तू बस."

तो चटकन बसला नाही. त्याच्या बढतीची संध्याकाळ होती, शेजारच्या टेबलावर त्याच्याच दवाखान्यातली दोन ओळखीची पोरं होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. प्रेरणाने त्याची खुर्ची मागे ओढून धरली. तेव्हा तो बसला.

जेवण आलं. कबाब जिजाबाईंना बरे वाटले, सूप त्यांनी एक चमचा घेऊन सरकवून दिलं. भावना हळूहळू मोकळी झाली, प्रेरणा तर आधीपासूनच होती. अश्विन मात्र मान खाली घालून खात होता, एकेक घास मोजल्यासारखा.

कबाब अर्धे संपले होते. असल्या हॉटेलात दोन पदार्थांच्या मधे बशा बदलतात. ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वेटर आला आणि अश्विनच्या बशीकडे हात नेत अदबीने म्हणाला, "सर, उचलू?"

अश्विनने बशीवर हात आडवा धरला.

"नाई," तो म्हणाला. आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला. "जेवून राह्यलो आमी."