बारा नंबरचा दांडा

“अगं, शांत म्हणजे किती शांत असावं माणसाने? परवा मी दिवा मालवून खोलीबाहेर आले, ती आतच बसलेली.”

हे नेने काकू फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. ‘ती’ म्हणजे मी. आणि मी तेव्हा त्यांच्याच पॅन्ट्रीत, डब्यांच्या मागे शेवयांचं पाकीट शोधत होते. त्यांनीच पाठवलं होतं. पाकीट सापडलं होतं, पण आता बाहेर कसं यायचं ते कळेना. शेवटी मी खोकले. काकू फोनमध्ये म्हणाल्या, “थांब हं, घरात काहीतरी वाजलं.”

गप्प माणसाचं असं होतं. बोलणारी माणसं किस्सा घडला की संध्याकाळपर्यंत चार जणांना वाटून मोकळी होतात. आमच्याकडे आलेला किस्सा पुढे सरकतच नाही. किस्से एकावर एक चढत राहतात. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आले, आणि दिवाळीपर्यंत माझ्याकडे जे काही साठलं ते सगळं एका जुन्या, दुसऱ्याच्या अंगणातून उचलून आणलेल्या ग्रीनहाऊसचं होतं.

आधी त्या जागेचं सांगते. मंदार, म्हणजे माझा नवरा, साडेआठला गाडी घेऊन ऑफिसला जाई. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, लायसन्स अजून नव्हतं, आणि आमच्या अपार्टमेंटबाहेरचा फूटपाथ दोनशे पावलांवर गवतात संपत असे. पुढे माणसाने पायी जायची गरजच काय, असं त्याचं म्हणणं असावं. मी खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत चालायची. त्या कार्पेटवर माझी पायवाट उमटायची बाकी होती. अख्ख्या अमेरिकेत मला चालत जाता येईल अशी एकच जागा होती: मागच्या झाडीतून बारा मिनिटांवरची कम्युनिटी गार्डन. तिथे नेने काकांचा प्लॉट होता. काकांना आता वाकवत नसे, म्हणून त्यांनी मंदारला भागीदार करून घेतलं होतं. मी तिथे मेथी पेरली, मिरच्या लावल्या, आणि रोज दोनदा जाऊन पाहून येऊ लागले. मेथीला इतक्यांदा पाहायची काही गरज नसते. मला होती.

*

ग्रीनहाऊस काकांनी शोधलं. गार्डनच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी होती: ‘काढून घेऊन जा.’ वॉल्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ घर बदलत होते. अॅल्युमिनियमचा ढाचा, वर काचा, आठ बाय बारा फूट. मंदार आणि त्याचा मित्र समीर, दोघंही सॉफ्टवेअरवाले. त्यांनी ठरवलं की काढायचं तर सिस्टिमने काढायचं. प्रत्येक तुकड्यावर स्टिकर, स्टिकरवर नंबर, नंबरांची एक्सेल शीट. समीर शिडीवर चढून स्टिकर लावत होता, मंदार खाली लॅपटॉप घेऊन खुर्चीत. वॉल्टरआजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मी हे एकट्याने एका दुपारी उभं केलं होतं. माझ्याकडे पेन्सिल होती.”

*

जुळवायला घेतलं तेव्हा कळलं की छताचा बारा नंबरचा दांडा हरवलाय. शीटमध्ये एक ते बारा असे दांडे होते. बारा नंबर कुठेच नव्हता. उलट शून्य नंबरचा एक दांडा जास्तीचा निघाला. तो ‘स्पेअर’ म्हणून काकांच्या गॅरेजमध्ये ठेवण्यात आला.

तीन शनिवार शोध चालला. समीर नागपूरचा. गाडीची डिकी तिसऱ्यांदा उपसून तो म्हणाला, “शोधूनच राहिलो ना बे, आता काय गाडी फाडू?” मी दांडे मोजले होते. जेवताना मंदारला म्हटलं, “दांडे बाराच आहेत.”

“तेच तर,” मंदार म्हणाला, “मग बारावा कुठाय?”

चौथ्या शनिवारी हे सगळे वॉल्टरआजोबांच्या अंगणात गवत चाळायला गेले. मी गाडीत बसून आले होते, कारण ती एक बाहेर जायची संधी होती. आजोबा लिंबूपाणी घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, “लागतात किती?”

“बारा.”

“आहेत किती?”

गाडी तशीच वळवली. परत येऊन मोजले. गॅरेजमधला शून्य नंबर धरून बारा भरले. समीरने प्रोग्रॅमरच्या सवयीने शून्यापासून नंबर दिले होते, मंदारने शीटमध्ये सवयीने एकपासून लिहिले होते. मग मोजायला सुरुवात शून्यापासून करावी की एकपासून, यावर दोघांचा जो वाद झाला त्यात ती दुपार संपली. एकही दांडा उभा राहिला नाही.

नेने काका निवृत्त डॉक्टर, भूल देणारे. ते सगळं ऐकून म्हणाले, “आमच्याकडे ऑपरेशन संपलं की कापसाचे बोळे मोजायचे. बरं झालं तुम्ही दोघं त्या लाइनला आला नाहीत.”

*

मधे भूमिपूजन झालं. काकूंनी सांगितलं, पायाच्या विटांवर नारळ फोडल्याशिवाय एकही स्क्रू लावायचा नाही. हळद-कुंकू झालं, उदबत्ती लागली, काकांनी नारळ विटेवर आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा वीट फुटली.

शेजारच्या प्लॉटवरचा अर्ल नावाचा माणूस टोमॅटो तोडायचे थांबवून बघत होता. त्याने अदबीने विचारलं की हे पायाची मजबुती तपासायला का?

“येस,” काका म्हणाले. “अँड इट फेल्ड.”

विटा बदलल्या. पाया पुन्हा बसवला. मला विचाराल तर पाया आधी खरंच कच्चा होता.

*

सप्टेंबरात पत्र आलं. गार्डनची व्यवस्था बघणारी कॅरोल गोड बोलणारी बाई होती आणि पत्रही गोड होतं. आमच्या प्लॉटवर जूनपासून धातूचा ढीग पडलेला आहे, काही सभासद त्याला ‘विमान अपघात’ म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी चार वाजता पाहणी होईल. तोवर ढाचा पक्का उभा असला आणि दार नीट बंद होत असलं तर उत्तम, काचा वसंतात लावा. नाहीतर सामान उचला. प्लॉट वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या कुटुंबाला जाईल.

मंदारने पत्र वाचून फ्रीजवर मॅग्नेटने लावलं आणि ऑफिसला गेला. मग दिवसभर मी खिडकीपासून त्या पत्रापर्यंत चालायला लागले.

*

पत्रानंतर मंदारने दर सोमवारी स्टेटस ईमेल सुरू केली. काकांना, समीरला आणि ‘सीसी’मध्ये मला. मी त्याच घरात त्याच्याच मागे बसलेली असे. पहिल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं: काम नव्वद टक्के पूर्ण. दुसऱ्या सोमवारी नव्वद टक्के. तिसऱ्या, चौथ्या सोमवारीही नव्वदच.

काका त्या ईमेल प्रिंट काढून काकूंना वाचून दाखवत. पाचव्या आठवड्याला काकू प्लॉटवर आल्या. गवतात आडवा पडलेला ढाचा त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला आणि विचारलं, “उरलेले दहा टक्के म्हणजे उभं करणं का रे?”

*

काचांचं वेगळंच. बेचाळीस काचा, सगळ्यांवर हिरवं शेवाळ. मंदारने इंटरनेटवर वाचलं की व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायच्या. एवढं मोठं भांडं कुठलं? आमचा बाथटब. म्हणून सात दिवस आम्ही नेन्यांकडे आंघोळीला. रोज सकाळी टॉवेल आणि कपड्यांची पिशवी घेऊन जायचं, ओल्या केसांनी चहा घेऊन निघायचं.

चौथ्या दिवशी काकूंच्या शेजारणीने काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या नव्या जोडप्याचं पाणी तोडलंय का? आणि पाचव्या दिवशी आमच्यासाठी भोपळ्याचा केक पाठवला. मंदार म्हणाला, आपण जाऊन नीट सांगायला हवं, बिचारीचा गैरसमज झालाय. पण केक फार चांगला होता. काचा आणखी दोन दिवस भिजल्या.

धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक काच पुसून कडेला टिचकी मारून ऐकायची. तडा असला की आवाज बसका येतो. तीन काचा बाजूला काढल्या. मंदार म्हणाला, “तू काचांशी काय बोलतेस?” मी हसले. माझ्या वडिलांचं कराडला अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. शाळा सुटली की मी तिथेच असायची. लग्नाच्या बायोडेटात वडिलांच्या व्यवसायापुढे नुसतं ‘अॅल्युमिनियम’ असं लिहिलं होतं. सासरच्यांना वाटलं, भांडी. पुढे कोणी विचारलं नाही, आणि मी कोणी न विचारलेलं सांगत नसे.

*

शेवटचा शनिवार. सकाळपासून सगळे प्लॉटवर. ढाचा उभा राहिला. चार भिंती, छताचे दांडे, सगळं. मंदार आणि समीर जसजसं जोडत गेले तसतसा प्रत्येक बोल्ट पान्याने कचकचून आवळत गेले. आवळून झाला की समीर त्यावर थाप मारायचा, “पक्का.” अडीच वाजता शेवटी दार बसवलं. दार लागेना. वरचा कोपरा चौकटीला टेकला की खाली चार बोटं फट. खाली दाबलं की वरून निघायचं.

तिघांची तीन मतं झाली. मंदारचं म्हणणं, हे दार दुसऱ्याच ग्रीनहाऊसचं आहे. समीरचं म्हणणं, उन्हाने अॅल्युमिनियम फुगलं. आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो. काकांचं म्हणणं, दारात काही दोष नाही, जमीनच एका बाजूला झुकलीये, अमेरिकेत हे फार होतं. मग मंदारने कानस आणली आणि दार घासायला घेतलं. पंधरा मिनिटं घासून थोडी पूड पडली.

तीन वाजता समीरला कल्पना सुचली. “कॅरोल आली की मी आत उभा राहून दार ओढून धरतो ना. तिला काय समजते?”

“आणि ती आत आली तर?” काकांनी विचारलं.

“मंग मी बाहेर येऊन ढकलून धरतो.”

काकू घडीच्या खुर्चीत बसून तिळाच्या वड्या वाटत होत्या. कोणाला नको होत्या तरी हातात पडत होत्या. मंदारने कानस खाली ठेवली, हात झटकले आणि म्हणाला, “जाऊ दे यार. सोडून देऊ प्लॉट. आपण काय, वीकएंडलाच तर येतो.”

समीर म्हणाला, “हो ना, लोड नको घेऊ.” काकांनी टोपी काढली. कोणाचं काही गेलं की ते टोपी काढतात.

आपण वीकएंडलाच येतो. मी मेथीकडे बघितलं. मग झाडीतल्या पायवाटेकडे. त्या वाटेवर दुसऱ्या कोणाच्या पायाचे ठसे मी कधी पाहिले नव्हते.

बाबांच्या वर्कशॉपमध्ये नवीन कारागीर आला की पहिले आठ दिवस त्याच्या हातात पाना देत नसत. चौकट आधी ढिली जुळवायची. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्हीकडे सारखी भरली की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. मगच आवळायचं. आधी आवळलेली चौकट दिसायला पक्की दिसते, पण तिच्यात दार कधी बसत नाही.

मी टोमॅटो बांधायची सुतळी घेतली आणि दाराच्या भिंतीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत धरून गाठ मारली. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरली. चार बोटं कमी. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सामान कोणाच्या गाडीत किती मावेल, यावर चर्चा सुरू झाली होती. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“सगळे बोल्ट ढिले करा,” मी म्हटलं.

काकांनी मागे वळून कोण बोललं ते पाहिलं. समीरने मंदारकडे पाहिलं. मंदारने हातातल्या पान्याकडे.

“सगळे?” त्याने विचारलं. “अगं, चार महिने लागले ते लावायला.”

“सगळे. काढायचे नाहीत, नुसते ढिले. समीर, तुम्ही तो वरचा कोपरा माझ्या बाजूला ओढून धरा, मी थांबा म्हणेपर्यंत. काका, सुतळीचं हे टोक तुमच्याकडे, आणि मधे बोलायचं नाही.” मग मी खुर्चीकडे वळले. “काकू, तुम्ही गेटपाशी जाऊन उभ्या राहा. कॅरोल आली की तिला तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगा. पहिल्यापासून.”