मी फॉर्मात न लिहिलेले डाग

सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघतच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयात गाठ आहे. फायब्रॉइड. कॅन्सरची नाही, पण मोठी आहे. पिशवी काढून टाकू."

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ. महिन्यातले दहा दिवस अंगावरून जायचं, शाळेत शिकवायला फळ्यापुढं उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कारण आता कळलं.

मला पिशवी काढायची नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, अठ्ठाविसाव्या वर्षी काढली होती. ऊसतोडीत पाळीचा खाडा नको म्हणून. तेव्हापासून ती कंबर धरूनच उठते. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तीच माझ्यासोबत होती. म्हणाली, "तू शिकलेली. तुझ्या पिशवीला किंमत हाय बाई."

चौकशी करता करता कळलं, मुंबईत बिनकापाचा उपचार निघालाय. फोकस्ड अल्ट्रासाऊंड, म्हणजे ध्वनिलहरी पोटावरून एका जागी आणून गाठ आतल्या आत जाळायची. तो सगळ्यांना चालत नाही. आधी एमआरआय काढतात. चुंबकाच्या यंत्रानं काढलेले हे आतले फोटो बघून कुठल्या बाईला चालेल ते ठरवतात.

आक्काला घेऊन मुंबईला गेले. फॉर्म इंग्रजीत होता, मी कुणाला न विचारता भरला. आमच्या घरातली पहिली बी.ए. आहे मी.

यंत्रात तासभर निपचित पडले. मग दोन दिवस नुसतं बसणं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गाठ योग्य आहे. वाटेत आतडं नाही. करता येईल." मग तपासायला त्यांनी पोटावरचं कापड सारलं अन् थांबले. "हे कसले डाग? पोटावर डाग-व्रण आहेत का, याला फॉर्मात तुम्ही 'नाही' लिहिलंय."

आक्काच बोलली, "बिब्बा तापवून डागलंय सायेब. तान्ही असताना पोट फुगलतं तिचं. मायनं डागलं म्हणून जगली. मलाबी हायेत, दाखवू का?"

डॉक्टर हसले नाहीत. डागांच्या कातडीत उष्णता साठते, वरून भाजतं, असं त्यांनी सांगितलं. डागांवर खुणा चिकटवून पुन्हा फोटो काढले. चारी डाग बरोबर लहरींच्या वाटेवर होते. "नाही जमणार. आधी लिहिलं असतं तर खेप वाचली असती."

शिकलेल्या बाईनं बिब्ब्याचे डाग कसे लिहायचे, याची मला लाज वाटली होती. बायांनो, दवाखान्यात असली लाज धरू नका.

पण त्याच फोटोंवरून त्यांनी चिठ्ठी दिली, की नुसती गाठ काढता येईल, पिशवी राहू द्या. अंबाजोगाईला पोट उघडूनच ऑपरेशन झालं. महिनाभर अंगात त्राण नव्हतं. पिशवी राहिली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

वॉर्डात आक्कानं माझी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. "यात पिशवी कंची गं?"

मी बोटानं दाखवली. तिनंही तिथं बोट ठेवलं.

"माझी काढताना कुणी फोटूच काढला न्हाई," ती म्हणाली. "आत गाठ हुती का न्हवती, कोण जाणे."